विषय : आई बरी होणेबाबत

आप्पा, मी चीनला जाऊन आले. तुम्ही असता तर पहिला प्रश्न 'कुणी पाठवलं?' आणि दुसरा 'बुद्ध कसा ठेवलाय तिथं?' हे मला पक्कं माहीत आहे. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बारामतीच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात मशिनींची तपासणी करते, त्यांनी चीनमधून एक मशिन घ्यायचं ठरवलं, आणि ते जहाजावर चढायच्या आधी चालवून बघायला मला तीन आठवडे सुझोऊ नावाच्या शहरात पाठवलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गेलं की माझं डोकं फिरतं, आणि ते तुमच्यामुळं फिरतं. म्हणून हा कागद.

खरं म्हणजे मी भाषण लिहायला बसले होते. आपल्या गावाहून, कळसहून, विहाराच्या मंडळाचे सचिव फोनवर म्हणाले, "ताई, येत्या पौर्णिमेला या. चीनमधला बुद्ध सांगा आमाला. फोटो दावा पडद्यावर." मी हो म्हणाले. का म्हणाले देव जाणे. बरं, देव म्हणायचं नाही, कोण जाणे. चाळीस वर्षं मी त्या विहाराची पायरी चढले नाही हे त्या सचिवांना माहीत नाही, त्यांचा जन्मच त्यानंतरचा आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनालासुद्धा मी बाहेर मांडवात बायकांच्या चपलांजवळ बसले होते. तर 'उपस्थित उपासक आणि उपासिका' असं लिहायला पेन टेकवलं आणि 'आप्पा' असं लिहून बसले. म्हटलं, आता आलाच आहात तर ऐकून जा.

पहिल्या रविवारी सुझोऊतल्या एका जुन्या विहारात गेले. बरोबर कारखान्याने दिलेली दुभाषी बाई होती, चाळिशीची, दोन मुलांची आई. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं. पिवळ्या भिंती, काळी कौलं, आणि दारात तिकिटाची खिडकी. बुद्धाला भेटायला तिकीट, आप्पा. ते काढून आत गेलं की पहिल्याच दालनात पोट सुटलेला, कानापर्यंत हसणारा तो बसलेला, जो आपल्याकडं लोक वास्तुशांतीला एकमेकांना देतात आणि टीव्हीवर ठेवतात. शेजाऱ्यांच्या शोकेसमध्ये तो बघून तुम्ही विचारलं होतं, "ह्यो कोन शेटजी?" आणि त्यांना तो काढायला लावला होता. दुभाषी म्हणाली, हा पुढं येणारा बुद्ध आहे. मी मनात म्हटलं, आमच्या आप्पांच्या तावडीत सापडला असता तर आला तसा परत गेला असता.

पुढच्या चौकात तर कहर होता. तिकिटाबरोबर तीन उदबत्त्या फुकट. त्या कपाळाला लावून लोक चारी दिशांना वाकत होते, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि प्रत्येक जण काहीतरी मागत होता. दुभाषी मला सांगत होती आणि मी ऐकत होते. ह्या बाईला नातू हवाय. ह्या माणसाचं दुकान चालत नाही. ही पोरगी परीक्षेला बसली आहे, तिच्या हातात बघ, हॉल तिकीट आहे. दानपेटीवर मोबाईलनं पैसे टाकायचा चौकोन चिकटवलेला. एकानं फोन धरला, टुंग आवाज झाला, आणि तो गुडघे टेकून मोकळेपणानं मागायला बसला. कुणी कुणाला हसत नव्हतं. आप्पा, तुम्ही मला शिकवलं होतं की जगात कुठलाही बौद्ध माणूस बुद्धाकडं काही मागत नाही. "मागायचं ते सरकारकडं. ते आपल्या हक्काचं हाय. बुद्धाकडनं शिकायचं, मागायचं न्हाय." मी हे खरं धरून चालले. हितं शहरंच्या शहरं मागत होती आणि मी बावन्न वर्षांची बाई खांबाला टेकून संतापानं लाल होत होते, जणू काही सगळी माझ्या पुढं रांगेत घुसली होती.

तुम्ही म्हणाल, त्यांचं चुकतं. म्हणा. तुमचं म्हणणं मला आजही पटतं, त्यातच तर गोची आहे. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. माझ्या घरात देव्हारा नाही, कुणाला कधी नवस बोलले नाही, पोरीच्या बारावीलासुद्धा नाही. मला राग शिकवणीचा नाही. राग त्या दिवसाचा आहे.

त्याआधी तुमचं टेबल आठवू द्या. इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर, स्टँपवाल्याच्या शेजारी, पत्र्याखाली तुम्ही बसायचा. टाइपरायटर, कार्बन, टाचण्यांची डबी, अंगठ्याचं पॅड. लोक तुमच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. सातबाऱ्यावर नाव लावायचं, रेशनकार्डातून वेगळं व्हायचं, जातीचा दाखला, पोराची स्कॉलरशिप, विहिरीची तक्रार. शनिवारी शाळा सुटली की मी एसटीनं येऊन तुमच्याशेजारी स्टुलावर बसायचे, कार्बन सरळ लावून द्यायचे, आणि बघता बघता सगळा मजकूर मला पाठ झाला. प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय, अमुक होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की. तुम्हाला वाटायचं पोरगी खेळते आहे. मी तुमचा धंदा शिकत होते.

एक विधवा बाई आठवते का बघा. दिरांनी जमिनीवर नाव लागू दिलं नव्हतं म्हणून तिचा अर्ज तुम्ही टाइप करत होता, आणि एक फेटेवाले म्हातारे तुमच्या खांद्यावरून डोकावले. चांगले वजनदार गृहस्थ, सगळा बाजार त्यांना दबून असायचा. तुम्ही कागदावर पालथा पंजा ठेवला. म्हणालात, "तात्या, ह्यो कागद तुमचा न्हाय."

ते म्हणाले, "अरं बघू दे की. आमच्याच भावकीतलं हाय."

"म्हनूनच न्हाय."

तात्या निघून गेले आणि पुढं आठ दिवस त्यांच्या वाडीचा एकही माणूस तुमच्या टेबलाकडं फिरकला नाही. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मला म्हणालात, "अर्ज म्हंजे मानसाची नड असती. दुसऱ्याची नड वाचायची नसती." आणि अंगठा घ्यायच्या आधी शेवटची ओळ तुम्ही प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा : वरील मजकूर खरा असून खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. "खरं हाय का माय हे? मग ठेव अंगठा." त्या बाईनं मान हलवून अंगठा ठेवला तेव्हा मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की घरी जाऊन मी आईला दोनदा सांगितलं.

आता परत त्या सुझोऊच्या विहारात या. मागच्या अंगणात एक जुनं झाड, त्याच्या भोवती लोखंडी जाळी, आणि जाळीला लाकडाच्या लाल पट्ट्या टांगलेल्या, हजारोंनी. प्रत्येकीवर शाईनं मागणं लिहिलेलं. वारा आला की सगळ्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. म्हटलं, हे तर अर्जच आहेत. खालच्या रांगेतली एक पट्टी लहान पोराच्या हातची दिसत होती. मोठी मोठी अक्षरं, आणि शेजारी चित्र काढलेलं, कॉटवर झोपलेलं माणूस आणि वर सूर्य. मी दुभाषीला विचारलं, काय लिहिलंय यात. तिनं बघितलं, आणि तोंड दुसरीकडं वळवलं. म्हणाली, "मी वाचणार नाही. ते आपल्याला लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "उघड्यावर तर टांगलंय."

"ज्याच्यासाठी टांगलंय तो वाचेल. आपण जवळून चाललोय फक्त."

मी तिथंच दगडी पायरीवर बसले. तिला वाटलं मला चक्कर आली, तिनं पर्समधून गरम पाण्याची बाटली काढून दिली. तिला काय सांगणार? की बाई गं, हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वी कळसच्या विहारात कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ज्या एका माणसाला ते येत होतं तोच वाचत उभा होता?

मी सातवीत होते. आईच्या पोटात गाठ होती. तुम्ही तिला आधी बारामतीला दाखवलं, मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात. मी बरोबर होते कारण मला कुठं ठेवायचं हा प्रश्न होता. आई आत कपडे बदलत होती आणि डॉक्टर तुम्हाला व्हरांड्यात म्हणाले, दिवाळीच्या पुढं अवघड आहे. मी बाकाच्या पलीकडं होते, तुमच्या ध्यानात नव्हतं. घरी येताना एसटीत तुम्ही आईला सांगितलं, "गोळ्यांनी गाठ बसंल म्हनाले." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या आठवड्यात तुमच्या डबीतला एक कोर्ट फीचा स्टँप मी काढला, वहीचा कागद फाडला, आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. प्रति, मा. भगवान बुद्ध साहेब, विहार, मु. पो. कळस, ता. इंदापूर. विषय : आई बरी होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, माझ्या आईच्या पोटात गाठ असून डॉक्टर साहेबांनी दिवाळीच्या पुढे आई राहत नाही असे वडिलांस सांगितले आहे. तरी साहेबांनी कृपावंत होऊन आईस बरे करावे. अर्जास स्टँप जोडला आहे. वरील मजकूर खरा आहे. खाली सही. आणि घडी घालून तो मूर्तीखालच्या निळ्या कापडात सरकवला.

तुम्हाला हसू येतंय का? विहारात सगळ्यांना आलं. श्रावणातली पौर्णिमा, सकाळची वेळ, वंदना झालेली, ग्रंथवाचन सुरू व्हायचं होतं. मूर्ती पुसताना तुमच्या हाताला कागद लागला. तुम्ही उघडला. अक्षर कुणाचं हे तुम्हाला पहिल्या शब्दाला कळलं, कारण ते तुम्हीच वळवलं होतं, आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. हे मी कुणी काहीही सांगितलं तरी सोडणार नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलं, आणि मग वाचलं. अख्ख्या वस्तीसमोर, मोठ्यानं, टेबलावर वाचायचा तशा आवाजात. पत्ता वाचला तेव्हा पुरुषांत खसखस झाली. विषय वाचून तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "बुद्ध काय तहसीलदार हाय व्हय, अर्ज करायला? आमच्याच घरात ही गत, मंग बाकीच्यांना काय सांगायचं?" कागदाला लावलेला स्टँप दाखवलात तेव्हा तर लोक गदागदा हसले. त्या हशावर तुम्ही पुढं वाचलं. डॉक्टर साहेबांनी दिवाळीच्या पुढे आई राहत नाही.

मग तुमचा आवाज गेला. वाक्य संपलं होतं तोवर. बायकांच्या रांगेत आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "पुढचं वाचा की." ती परत म्हणाली, "वाचा की. माज्याच विषयीचं हाय न्हवं." तुम्ही वाचलं नाही. आई भिंतीला धरून उठली, पुढं आली, तुमच्या हातातला कागद घेतला आणि माझा दंड धरून बाहेर पडली. तिला वाचता येत नव्हतं.

एका फेटेवाल्यापासून एका अनोळखी बाईची नड तुम्ही पंजानं झाकलीत आणि स्वतःच्या पोरीची चव्हाट्यावर मांडलीत. कशासाठी? तत्त्वासाठी. आईला तिचं मरण भर सभेत तिच्या नवऱ्याच्या तोंडून कळलं, तत्त्वासाठी. मला हे चाळीस वर्षं गिळता आलेलं नाही. नोकरीत कुणी माझा रजेचा अर्ज हातात घेऊन नुसतं "कशाबद्दल आहे?" विचारलं तरी माझा पारा चढतो, आणि लोक म्हणतात मॅडम तिरसट आहेत.

दुसऱ्या रविवारी मी ठरवलं, विहार नको, बागा बघू. सुझोऊच्या बागांचं नाव आहे. भिंतीआड पाणी, पाण्यात उभे केलेले खडबडीत दगड, आणि प्रत्येक खिडकीतून वेगळं झाड दिसेल अशी रचना. छान आहे, खोटं कशाला बोलू. पण मला आवडली ती शहरातली साधी बाग, जिथं तिकीट नाही. सकाळी सातला म्हातारी माणसं नाचतात तिथं, जोडी जोडीनं, स्पीकर लावून. कुणी पक्ष्याचा पिंजरा फांदीला अडकवून चहा पितंय. एका म्हाताऱ्यानं बायकोची चाकाची खुर्ची तळ्याकाठी लावली आणि तिच्यासमोर माइक घेऊन गाणं म्हणू लागला. इतकं भसाडं की बदकं लांब गेली. बायको हसत होती. मला परत संताप आला. आईला तुम्ही कुठं नेलं होतं? माहेर कोऱ्हाळे, सासर कळस, बाजार इंदापूर, छोटा दवाखाना बारामती, मोठा दवाखाना पुणे. एवढाच तिचा नकाशा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर थंडीत ते लांब पायांचे पक्षी येतात, ते तिला बघायचे होते. घरापासून काय लांब आहे ते? "दिवाळी झाली की जाऊ गं पक्षी बघाया," असं ती मला म्हणायची. मला, तुम्हाला नाही. तुमच्याशी ती त्या श्रावणानंतर कामापुरतंसुद्धा बोलत नव्हती. तुम्ही भाकऱ्या थापायचा, तिचं ताट तिच्यापुढं ठेवायचा, ती तोंड भिंतीकडं करून खायची. दिवाळीनंतर नवव्या दिवशी गेली, आणि शेवटचं पाणी तिनं माझ्या हातून घेतलं. बरं झालं, असं मला तेव्हा वाटलं. तुम्हाला तसंच पाहिजे होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुभाषीनं मला शांघायला नेलं. तिथल्या एका मंदिरात मी माझी शोभा करून घेतली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. आत एक लाल चेहऱ्याची मोठी मूर्ती, डोक्यावर टोपी, अंगात नक्षीचा झगा. तीन आठवड्यांत मी इतके बोधिसत्त्व बघितले होते की मला वाटलं हाही त्यातलाच. गुडघ्यावर बसले, हात जोडले आणि त्रिशरण पंचशील अख्खं म्हटलं, अगदी आपल्या चालीत. दुभाषी शेवटपर्यंत गप्प उभी. मग हळूच म्हणाली, "हा बुद्ध नाही. हा शहराचा अधिकारी आहे. जिवंतपणी साहेब होता, मेल्यावरही तेच काम करतो. मेलेल्यांच्या याद्या याच्याकडं असतात. लोक याच्याकडं लेखी अर्ज करतात."

आप्पा, तो तहसीलदार होता. चीनमध्ये देव तहसीलदार आहे आणि तुमच्या लेकीनं त्याच्यापुढं पंचशील म्हटलं. मी इतकी हसले की तिथली झाडणारी बाई झाडू धरून बघायला लागली. मग दुभाषीनं मला अर्ज दाखवले. खोटं वाटेल, पण छापील फॉर्म असतात, पिवळ्या कागदावर. वर साहेबाचं नाव छापलेलं, खाली तुमचं नाव, पत्ता, आणि काय मागणं आहे त्यासाठी मोकळ्या ओळी. भरायचा आणि अंगणातल्या भट्टीत जाळायचा. जाळला की पोचला. मी विचारलं, मधे कुणी वाचत नाही? ती म्हणाली, "कोण वाचणार? जाळतात."

मी एक फॉर्म घेतला. घेतला म्हणून मला आता बोलू नका. बाहेर बाकावर बसून पेन काढलं आणि हात आपोआप चालला, स्टुलावर बसल्यासारखा. प्रति, मा. अधिकारी साहेब. अर्जदाराचं नाव, मु. पो. कळस. आणि विषयाच्या ओळीवर जे आलं ते लिहून मी स्वतःच बघत राहिले. विषय : वडिलांवरील आळ काढून टाकणेबाबत.

आता ते सांगते, जे मगाशी ओलांडून आले. विहारातून निघाल्यावर शाळेच्या भिंतीपाशी आई खाली बसली. कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, "वाच. त्यांनी वाचलं ते खरंच हाय का ह्यात?" मी वाचलं. ते वाक्य गाळून वाचलं. गोळ्यांनी गाठ बसेल असे डॉक्टर साहेबांनी वडिलांस सांगितले आहे, असं वाचलं. आईनं परत विचारलं, "मंग दिवाळीचं?" मी म्हटलं, "ते न्हाय ह्यात. आप्पा मनचंच बोलले." आईनं कागद घेऊन कनवटीला लावला. तिचा चेहरा एकदम हलका झाला आणि दुसऱ्याच क्षणी कडू झाला, आणि मला दोन्ही दिसलं.

दोन दिवसांनी तुम्ही चुलीपाशी भाकरी थापत होता आणि मी शेंगा फोडत होते. आई बाजेवरून म्हणाली, "कागदात तसलं काय न्हवतं म्हनं. पोरीनं वाचून दावलं मला. चारचौघांत मला जित्ती मारली तुमी, मनचं बोलून." तुमचे हात थांबले. तुम्ही माझ्याकडं बघितलं. विहारात बघितलं होतं तसंच, आणि या वेळी मीच मान खाली घातली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कागद तिच्या कनवटीला होता, मागून घेतला असता तर एका मिनिटात खरं-खोटं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "व्हय. माजंच चुकलं. मनचंच बोललो."

तिला दिवाळीनंतरचे पक्षी दिसत राहिले ते तुमच्या त्या वाक्यामुळं. माझ्या खोट्यानं सुरुवात झाली, पण मी फक्त वाचलं होतं, तुम्ही ते अंगावर घेतलं. त्यानंतर रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तुमचा आवाज खाली जायचा. आई गेल्यावरसुद्धा तो वर आला नाही. मला ऐकू यायचं, आप्पा. मी बाहेर ओट्यावर असायचे आणि ऐकायचे, आणि उठून आत येऊन एकदाही म्हटलं नाही की बास आता. म्हटलं असतं तर माझा राग कुठं ठेवला असता मी?

फॉर्म पूर्ण भरला. शेवटची ओळ त्यात छापलेली नव्हती, ती मी हातानं घातली, वरील मजकूर खरा असून, आणि सही केली. भट्टीपाशी गेले. जाळता आला नाही. तुमच्या प्रतिज्ञा आड आल्या असं मी दुभाषीला सांगितलं, पण ते कारण नव्हतं. जाळला असता तर कुणीच वाचला नसता, आणि मग माझं पुन्हा सोपं झालं असतं. विहारात त्या दिवशी हसलेल्यांपैकी चार-पाच म्हाताऱ्या अजून आहेत. आईकडून ऐकलेलं त्या अजून सांगतात, की हिच्या बापानं मनचं बोलून हिच्या आईला मारली. माझ्या तोंडावर सांगतात आणि मी ऐकून घेते.

म्हणून अर्ज पासपोर्टात घालून आणला. पौर्णिमेला फोटो दाखवून झाले की तिथंच, मूर्तीच्या उजव्या बाजूला तुम्ही उभे होता त्या फरशीवर उभं राहून तो वाचायचा, असं ठरवलंय. हे पत्र मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या डब्याखाली राहील, ते दुसऱ्या कुणाचं नाही. काल सवय म्हणून स्वयंपाकघरात अर्ज मोठ्यानं वाचून बघितला. पत्ता नीट गेला, विषय गेला. 'मी आईस खोटे वाचून दाखविले' इथं माझा आवाज बंद पडला, अगदी तुमचा पडला होता तसा. पुढचं वाचा की, असं म्हणायला घरात कुणी नव्हतं.